अपडेटनंतर लॅपटॉपचं वाय-फाय गेलं? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं बघा

रात्री लॅपटॉप मिटवताना 'अपडेट अँड शट डाऊन' दाबलं, सकाळी उघडला तर कोपऱ्यातली वाय-फायची खूणच नाही. किंवा खूण आहे, घरच्या नेटचं नाव दिसतंय, पण जोडत नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्याच्या आगेमागे बऱ्याच जणांनी जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढवलं आणि तेव्हापासून ही तक्रार घेऊन येणारे मला जास्त भेटायला लागले. दुकानात नेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारूया की." फॉरमॅट मारल्यावर वाय-फाय बहुतेक वेळा चालू होतं, हे खरं. पण उंदीर घालवायला घर पाडण्यातला तो प्रकार. कन्नड टायपिंगचं नुडी, हिशेबाचं टॅली, सरकारी सेवांचं ग्राम वन केंद्र चालवत असाल तर अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, प्रिंटर, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं परत पहिल्यापासून बसवत बसायचं. आणि एवढं करूनही तेच अपडेट आठवड्याभरानं परत येतं.

अपडेटनं वाय-फायचं कार्ड जळत नाही. अपडेट फार तर तीन गोष्टी करतं: ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बदलतं, एखादी सेटिंग बदलतं, किंवा तुमच्या जुन्या अँटिव्हायरस-व्हीपीएनशी भांडण काढतं. तिन्ही गोष्टी फॉरमॅटशिवाय दुरुस्त होतात. फक्त नेमकं कुठं अडलंय ते आधी ओळखायचं आणि मग हात घालायचा. नेटवरच्या व्हिडिओत सांगितलेले दहा उपाय एकामागून एक मारत सुटलात, तर शेवटी कशानं बरं झालं आणि कशानं बिघडलं, काहीच कळत नाही.

दोष लॅपटॉपचाच आहे ना?

आधी फोन त्याच वाय-फायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करून एखादी साईट उघडा. फोनवरही नेट नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर 'लॉस' (LOS) लिहिलेला दिवा असतो. तो लाल असेल तर वायर कुठंतरी तुटलीय किंवा लाईनच बंद आहे. पावसाळ्यात आपल्या बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात झाडाची फांदी पडून केबल तुटणं काही नवीन नाही, आणि शहरात रस्ता खोदला की तेच. अशा वेळी केबलवाल्याला फोन लावणं एवढंच काम. हेस्कॉमचा करंट जाऊन आला असेल तर राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही बंद करून, मिनिटभर थांबून चालू करा. आधी फायबरचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राऊटर.

फोनवर नेट चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर मग लॅपटॉपकडे वळायचं. पहिली गोष्ट 'रीस्टार्ट'. 'शट डाऊन' करून परत चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. तिच्यामुळे शट डाऊन केल्यावरही विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर अर्धवट झोपलेल्या अवस्थेत डिस्कवर जपून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उठतात. बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये सगळं मुळापासून सुरू होतं. अपडेट मोठं असेल तर एकदा रीस्टार्ट करून पाच-दहा मिनिटं थांबा, 'विंडोज अपडेट'मध्ये काही अर्धवट राहिलंय का बघा आणि परत एकदा रीस्टार्ट करा. बऱ्याच घरांत गोष्ट इथंच संपते.

संपली नाही, तर खालच्या उजव्या कोपऱ्यात नीट बघा. चारपैकी एक चित्र असेल: वाय-फायचं बटणच नाही, बटण आहे पण जोडत नाही, जोडलंय पण 'नो इंटरनेट', किंवा चालतं आणि मधेच तुटतं. तुमचं चित्र ज्यात बसतं तोच भाग वाचा.

वाय-फायचं बटणच नाही

हा सगळ्यात घाबरवणारा प्रकार, आणि यावरच मी जास्त लिहिणार आहे.

कीबोर्डवर वरच्या रांगेत विमानाचं किंवा टॉवरचं चित्र असलेली की असते. ती एकदा दाबा. नाही झालं तर 'एफएन' की धरून दाबा. अपडेटनंतर कधीकधी विमान मोड चालू राहतो, आणि काही जुन्या लॅपटॉपना बाजूला वाय-फायचं बारकं सरकबटणच असतं, ते पिशवीत घासून बंद होतं.

यानं भागलं नाही तर विंडोजची की आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स'च्या बाजूचा बाण दाबा. आता नीट वाचा. इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम यांपैकी एखादं नाव आणि त्यात 'वायरलेस', 'वाय-फाय' किंवा '८०२.११' असं काहीतरी दिसायला हवं. दिसलं आणि त्यावर पिवळा त्रिकोण असेल तर आनंद माना, कारण कार्ड जिवंत आहे आणि विंडोजला ते दिसतंय. त्यावर दोनदा क्लिक केलं की मधल्या चौकटीत एक कोड लिहिलेला असतो. कोड २२ म्हणजे कुणीतरी ते बंद केलंय. राइट क्लिक करून 'एनेबल' केलं की झालं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण कार्ड चालू होईना. अपडेटनंतर हा कोड १० फार वेळा दिसतो.

नाव अजिबातच नसेल तर वरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' करा. फिकट अक्षरात नाव उमटलं आणि कोड ४५ लिहिला असेल, तर आत्ता या क्षणी विंडोजला कार्ड सापडत नाही. 'अदर डिव्हायसेस'खाली 'नेटवर्क कंट्रोलर' असं काही पिवळ्या खुणेसह दिसलं, तर तेच तुमचं बिनड्रायव्हरचं वाय-फाय. ब्लूटूथही त्याच वेळी गायब झालंय का, हेसुद्धा बघा. बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात. दोन्ही एकदम गेले तर ते कार्डच झोपलंय असं समजा.

झोपलेल्या कार्डाला उठवायचा उपाय साधा आहे, पण लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. शिफ्ट की धरून 'शट डाऊन' करा, म्हणजे फास्ट स्टार्टअप आड येत नाही. चार्जर काढा, माऊस, पेन ड्राइव्ह सगळं काढा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. मग पॉवर बटण चांगलं अर्धं मिनिट दाबून धरा. आत साठलेली वीज निघून जाते आणि कार्ड पूर्ण बंद होतं. चार्जर लावून चालू करा. कोड १० आणि कोड ४५ वर, विशेषतः इंटेलच्या कार्डांवर, हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. दुकानात "मदरबोर्ड गेला" म्हणून सांगितलेले लॅपटॉप एवढ्यानं उठलेले मी बघितलेत.

उठला नाही तर ड्रायव्हर. इथं क्रम महत्त्वाचा आहे.

१. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फायच्या नावावर दोनदा क्लिक, 'ड्रायव्हर' टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'. हे बटण दाबता येत असेल तर आधी हेच करा. जुना ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर जपलेलाच नाही, पुढं जा.

२. 'अपडेट ड्रायव्हर' दाबून 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक'. इथं कधीकधी एकाच कार्डाचे दोन-तीन ड्रायव्हर तारखेसह दिसतात. सगळ्यात नवा सोडून त्याच्या आधीचा निवडून बघा. यासाठी नेट लागत नाही, हे विशेष.

३. तरीही नाही, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून त्याच मॉडेलचा वायरलेस ड्रायव्हर उतरवायचा. लॅपटॉपच्या पोटावर स्टिकर असतो, त्यावर सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग असतो. तोच टाकायचा. 'ड्रायव्हर डाउनलोड' असं नुसतं शोधून जी पहिली साईट येते तिथून काहीही उतरवू नका. त्यातल्या निम्म्या साईट ड्रायव्हरच्या नावाखाली भलतंच गळ्यात घालतात.

४. फाइल हाताशी आल्यावरच 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा. तिथं 'अटेम्प्ट टु रिमूव्ह द ड्रायव्हर' अशी एक चौकट असते. पहिल्यांदा तिच्यात टीक न करता डिव्हाइस काढा आणि रीस्टार्ट करा. विंडोज आपणहून परत बसवतं. त्यानं जमलं नाही तरच चौकटीत टीक करून काढा आणि उतरवलेला ड्रायव्हर बसवा. फाइल हातात नसताना टीक केलीत, तर असलेला ड्रायव्हरही जाईल आणि मग खरंच अडकाल.

नेटच नाही, मग ड्रायव्हर आणायचा कुठून?

यूएसबी टेदरिंग. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लॅपटॉपला ते वायरचं नेट वाटतं, त्यामुळे वाय-फायच्या ड्रायव्हरची गरजच पडत नाही. वायर फक्त चार्जिंगची स्वस्तातली असेल तर हे बटण फिकट राहतं. तेव्हा वायर बदला. आणि एक सोय बहुतेकांना माहीत नसते: फोन स्वतः घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर टेदरिंगमधून तेच घरचं नेट लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. आयफोन असेल तर विंडोजला ॲपलचं सॉफ्टवेअर आधी लागतं. अशा वेळी शेजारच्यांचा अँड्रॉइड मागणं सोपं.

मोबाइल डेटावरच करायचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. टेदरिंग जोडताच विंडोज अडकलेली मोठाली अपडेट्स ओढायला लागतं आणि दिवसाचा डेटा ड्रायव्हरच्या आधीच संपतो. म्हणून जोडण्याआधी 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन एक आठवड्याचा 'पॉज' मारा. दुसरी गोष्ट आपल्या सीमाभागाची. शिनोळी, उचगाव, बेळगुंदीच्या बाजूला किंवा निपाणीच्या पुढं कोगनोळीकडे फोन कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा. कणकुंबीकडे गोव्याचा. दूरसंचारच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, कर्नाटक वेगळं. पलीकडचा टॉवर पकडला आणि फोनमध्ये 'डेटा रोमिंग' बंद असेल, तर काही फोनवर रेंज पूर्ण दिसते, कॉल लागतो, पण नेट शून्य. टेदरिंग बिघडलंय म्हणून लॅपटॉपला दोष देत बसण्याआधी फोनच्या वरच्या पट्टीत रोमिंगचं 'आर' दिसतंय का ते बघा.

टेदरिंग नकोच असेल तर ड्रायव्हरची फाइल फोनवरच उतरवून वायरनं किंवा ओटीजी पेन ड्राइव्हनं लॅपटॉपमध्ये टाका. फोनच्या ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साईट'वर टीक केली की कंपनीच्या साईट कुरकुर करत नाहीत.

बटण आहे, नाव दिसतंय, पण जोडत नाही

आमच्या ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. "अरे, पासवर्ड चुकीचा म्हणतंय बघ. तीन वर्षं हाच पासवर्ड आहे. त्या केबलवाल्यानं बदलला असंल."

"काकू, पासवर्डच्या चौकटीत शेवटाला डोळ्याचं चित्र आहे, ते दाबून धरा बघू. काय दिसतंय?"

"अगं बाई, हे तर कन्नडमध्ये उमटलंय."

काकू शाळेत शिक्षिका. लॅपटॉपवर इंग्रजी, कन्नड आणि मराठी असे तीन कीबोर्ड बसवलेले. अपडेटनं पहिला कीबोर्ड कन्नड करून ठेवला. पासवर्डच्या चौकटीत अक्षरांच्या जागी ठिपके दिसतात, त्यामुळे कळायचा मार्गच नाही. विंडोज की आणि स्पेस बार दाबला की कीबोर्ड बदलतो. आपल्याकडे दोन-तीन भाषांत टाइप करणारे घरोघरी आहेत, म्हणून पासवर्ड चुकीचा म्हटलं की मी सगळ्यात आधी हे विचारतो.

याचा आणखी एक भाऊ आहे, तो जास्त लबाड. अपडेटनंतर इंग्रजी कीबोर्ड अमेरिकेचा किंवा भारताचा असायचा तो 'युनायटेड किंगडम' होऊन बसतो. अक्षरं सगळी बरोबर उमटतात, पण शिफ्ट आणि दोन दाबलं की ॲटची खूण न येता अवतरणचिन्ह येतं. आणि आपल्याकडे निम्म्या पासवर्डांत नावापुढं ॲट आणि मग १२३ असतंच. उपाय तोच: डोळ्याचं चित्र दाबून बघा.

पासवर्ड बरोबर असूनही जोडत नसेल तर लॅपटॉपमध्ये साठवलेलं जुनं नाव विसरायला लावा. सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'वाय-फाय', 'मॅनेज नोन नेटवर्क्स', तिथं आपलं नाव शोधून 'फरगेट'. मग नव्यानं जोडा.

तरीही नाही आणि लॅपटॉप जुना आहे, तर राऊटरच्या सुरक्षेची पद्धत तपासा. नव्या राऊटरवर 'डब्ल्यूपीए ३' एकटंच चालू असेल तर जुन्या कार्डांना ते झेपत नाही. 'डब्ल्यूपीए २' किंवा दोन्ही मिळून असलेला पर्याय निवडा. उलट दहा-बारा वर्षांपूर्वीचा राऊटर 'टीकेआयपी' या जुन्या पद्धतीवर अडकलेला असेल तर विंडोज त्याला असुरक्षित म्हणतं. तिथं 'एईएस' करा. राऊटरचं पान उघडायचा पत्ता आणि पासवर्ड राऊटरच्या पोटाखाली लिहिलेला असतो. तिथला दुसरा काही पर्याय समजत नसेल तर त्याला हात लावू नका, विशेषतः 'वॅन'च्या पानावर. तिथली केबलवाल्याची माहिती पुसली गेली तर घरभर नेट बंद.

कॉलेज आणि हॉस्टेलचं वाय-फाय हे वेगळंच प्रकरण. पहिलं कारण पत्त्याचं. प्रत्येक कार्डाला एक कायमचा हार्डवेअर पत्ता असतो, आणि बऱ्याच हॉस्टेलांत तो नोंदवून घेऊनच नेट देतात. 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' चालू झालं असेल तर लॅपटॉप स्वतःचा खोटा पत्ता सांगतो आणि दारावर अडवला जातो. वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. दुसरं कारण तुमच्या हातात नसतं. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटनंतर कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या नावानं-पासवर्डानं चालणाऱ्या वाय-फायला काही लॅपटॉप जोडेनासे झाले होते. घरी मात्र तेच लॅपटॉप सहसा व्यवस्थित चालायचे. मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य करून तो बदल मागं घेतला. तेव्हा घरी चालतंय, फोनच्या हॉटस्पॉटवर चालतंय आणि फक्त कॉलेजात नाही, तर लॅपटॉप उघडू नका. कॉलेजच्या सिस्टिम अॅडमिनना विचारा, आणखी कुणाकुणाचं असं झालंय. बहुतेक रांग लागलेली असते.

जोडलंय, पण 'नो इंटरनेट'

आधी घड्याळ बघा. खरंच. जुन्या लॅपटॉपचा आतला सेल संपला असेल तर तारीख मागं जाते आणि मग प्रत्येक साईट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडते. तारीख, वेळ आणि टाइम झोन बरोबर करा.

मग स्टार्ट मेनूत 'सीएमडी' टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथं इंग्रजीत पिंग, जागा सोडून ८.८.८.८ असं टाइप करून एंटर दाबा. चार ओळींत उत्तर आलं तर नेट येतंय. मग गूगल डॉट कॉमला पिंग करा. पहिलं चाललं आणि दुसरं नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा. वाय-फायच्या 'हार्डवेअर प्रॉपर्टीज'मध्ये 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' एडिट करून 'मॅन्युअल', 'आयपीव्ही४' चालू, आणि ८.८.८.८ व १.१.१.१ भरा. आधीपासून तिथं कुणी भलताच आकडा भरून ठेवला असेल तर 'ऑटोमॅटिक' करूनही बघा. दोन्ही पिंग चालतात पण ब्राउझर उघडत नाही, तर 'प्रॉक्सी'च्या पानावर जाऊन मॅन्युअल प्रॉक्सी बंद करा.

दोन्ही पिंग पडले, तर संशयित नंबर एक अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन. ही सॉफ्टवेअरं नेटच्या वाटेत आपली गाळणी बसवतात, आणि विंडोजची मोठी आवृत्ती बदलली की जुनी गाळणी तुंबते. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा जुन्या व्हीपीएन सॉफ्टवेअरमुळे काही लॅपटॉपवर वाय-फायची नावंच दिसेनाशी झाली होती आणि मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळा उपाय छापावा लागला होता. अँटिव्हायरस नुसता 'पॉज' करून उपयोग नाही, गाळणी तशीच राहते. तात्पुरता पूर्ण काढून रीस्टार्ट करा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो, उघडे पडत नाही. पैसे भरून घेतलेला असेल तर आधी लायसन्सचा नंबर लिहून ठेवा.

शेवटचा उपाय 'नेटवर्क रीसेट': सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'. हा चांगला आहे, पण साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणी पुसून टाकतो. लोक हाच उपाय पहिला करतात आणि मग पासवर्ड शोधत बसतात.

चालतं, पण मधेच तुटतं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फायच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर 'अलाऊ द कॉम्प्युटर टु टर्न ऑफ धिस डिव्हाइस' ही टीक अपडेटनंतर परत लागलेली असते. काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅबच नसतो, तिथं शोधत बसू नका. शहापूर-वडगावच्या जुन्या जाड भिंतींच्या घरांत ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय दुसऱ्या खोलीत पोचत नाही, आणि नवा ड्रायव्हर नेमका तेच पकडून बसतो. 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'प्रेफर्ड बँड' २.४ करा. वेग कमी मिळेल, पण ऑनलाइन क्लास तुटणार नाही.

काहीच चालेना, तर मागं फिरा

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. दर महिन्याचं छोटं अपडेट असेल तर 'विंडोज अपडेट', 'अपडेट हिस्टरी', 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधून तारीख बघून काढता येतं. विंडोज १० वरून ११ वर गेलात किंवा ११ ची वर्षाची मोठी आवृत्ती आली असेल, तर 'सिस्टिम', 'रिकव्हरी', 'गो बॅक'. त्याला मुदत दहा दिवसांची. दहा दिवसांनंतर जुनं विंडोज आपोआप पुसलं जातं, आणि त्याआधी तुम्ही 'डिस्क क्लीनअप' करून 'विंडोज ओल्ड' उडवलंत तरी वाट बंद. म्हणून मोठ्या अपडेटनंतरचे पहिले दहा दिवस डिस्क कितीही भरली तरी साफसफाई नको. आणि सुट्टीत अपडेट करून ठेवलेला लॅपटॉप सुट्टी संपल्यावरच उघडला, असं करू नका.

मागं फिरण्याआधी किंवा बायोसमध्ये काही बदलण्याआधी बिटलॉकरची चावी हाताशी ठेवा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला ते माहीतच नसतं. मग निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची चावी मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, फोनवरून लॉगिन करून बघता येते. लॅपटॉप घेताना दुकानदारानं स्वतःच्याच ईमेलनं अकाउंट उघडलं असेल, तर चावी त्याच्याकडे. आजच विचारून घ्या.

परत गेल्यावर अपडेट्स पाच आठवड्यांपर्यंत 'पॉज' करता येतात. तेवढ्यात दुरुस्त आवृत्ती येण्याची शक्यता बरीच. कायमची बंद करायच्या भानगडीत पडू नका. बँकेचं काम त्याच लॅपटॉपवर करता ना?

मॅक आणि उबुंटूवाल्यांसाठी

मॅकवर ड्रायव्हरची कटकट नाही. वाय-फाय 'फरगेट' करून परत जोडा, व्हीपीएन आणि अँटिव्हायरस काढून बघा. २०२४ च्या मॅकओएस सेकोया आवृत्तीपासून मॅकवरही 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' आलाय. हॉस्टेलच्या नेटवर तो 'ऑफ' करा.

उबुंटू वापरणारी पोरं व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कॉलेजांत भरपूर. तिथं बहुतेक वेळा नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आला आणि रिअलटेक किंवा ब्रॉडकॉमचा बाहेरून बसवलेला ड्रायव्हर त्याच्यासाठी तयार झाला नाही, एवढंच घडलेलं असतं. चालू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. वाय-फाय आलं तर निदान पक्कं. मग नव्या कर्नलमध्ये यूएसबी टेदरिंगवर 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडून परत बसवा. 'सिक्युअर बूट' चालू असेल तर मधे एक पासवर्ड ठरवायला सांगतं, आणि रीस्टार्टवर निळ्या पानावर तोच विचारतं. ते पान घाईनं पुढं ढकललंत तर ड्रायव्हर बसत नाही.

दुकानात जायचंच झालं तर

उबुंटू लॅपटॉपवर न बसवता पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं. तिथंही वाय-फाय दिसलं नाही आणि पॉवर बटणाचा उपायही झालेला असेल, तर बहुधा कार्ड ढिलं झालंय किंवा गेलंय, आणि अपडेटचा नि त्याचा मेळ योगायोगाचा. फक्त रिअलटेक-ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना तिथं ड्रायव्हरच नसतो, ते धरून चला. कार्ड बदलायला फार खर्च नसतो, पण कोणतं घालतायत ते विचारा. इंटेलचं एएक्स २०१ हे कार्ड फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरबरोबरच चालतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये घातलं तर दिसणारही नाही. एएक्स २१० मात्र दोन्हीकडे चालतं. काही जुने लॅपटॉप कंपनीनं ठरवलेलंच कार्ड स्वीकारतात, म्हणून जुनं कार्ड परत मागून घ्या. परीक्षा तोंडावर असेल आणि थांबायला वेळ नसेल तर साधा यूएसबी वाय-फाय डोंगल घ्या, नाहीतर राऊटरपासून सरळ वायर ओढा. आणि काउंटरवर लॅपटॉप ठेवताना "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. कोणता कोड दिसला, काय काय करून झालं आणि "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही" हे कागदावर लिहून झाकणाला चिकटवा.